कोवलम लाइन, वेग शून्य

चेन्नईतल्या मराठी मंडळींना माझी आठवण दोनच कारणांनी होते. पुरण सैल झालं तर, नाहीतर घरातलं इंटरनेट हळू चाललं तर. पुरणाचं उत्तर सोपं आहे, परत गॅसवर चढवा. इंटरनेटचं जरा समजावून सांगावं लागतं. कंपनी शंभरचा वेग विकते आणि तुमच्या संगणकावर फाइल उतरताना साडेबारा दिसतात. मग भिशीतली एखादी फोन करते, "ताई, लुटलं हो आपल्याला." कुणी लुटलेलं नसतं. कंपनी बिट मोजते, संगणक बाइट मोजतो, आठ बिटांचा एक बाइट. शंभराला आठाने भागा. एवढं सांगितलं की पलीकडून एक लांबलचक "अच्छा" येतं आणि फोन बंद होतो. माझं मराठी बोलणं त्या दिवसापुरतं तिथेच संपतं.

मी चौतीस वर्षं एका टेलिफोन कंपनीच्या ट्रान्समिशन शाखेत काढली. ट्रान्समिशन म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायच्या, सून टेलिफोनवर बसते. बसत नव्हते हो. लोकांचं बोलणं एका गावातून दुसऱ्या गावात वाहून नेणाऱ्या ज्या वाटा असतात, त्या सांभाळत होते. कुठे तांब्याची तार, कुठे काचेचा धागा, कुठे मनोऱ्यावरची थाळी. कोण काय बोलतंय याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. पोचतंय की नाही, एवढंच बघायचं.

आमच्या धंद्याची सगळी बाराखडी एका आकड्यावरून सुरू होते, चौसष्ट. माणसाचा आवाज आकड्यांत पकडायचा तर सेकंदाला आठ हजार वेळा त्याची मोजणी घ्यावी लागते आणि प्रत्येक मोजणीला आठ बिट लागतात. आठ हजार गुणिले आठ, चौसष्ट हजार. म्हणजे एका माणसाच्या बोलण्याला चौसष्ट किलोबिटांची वाट. अशा बत्तीस वाटा एकत्र बांधल्या की होतो दोन मेगाबिटांचा जुडगा. नीट सांगायचं तर दोन पूर्णांक शून्य चार आठ, पण तोंडात 'टू एमबी'. त्या बत्तिसांतल्या दोन वाटा व्यवस्थेला, एक मोजणीचा ताल धरायला आणि एक घंटी वाजवण्यासारख्या खुणांना. उरलेल्या तीसवर माणसं बोलतात. असे सोळा जुडगे चौतीस मेगाबिटांत, त्रेसष्ट जुडगे एकशे पंचावन्नात. जिना चढावा तसं वर वर जायचं.

आता अमेरिकेतली मंडळी बत्तीस बांधत नाहीत, चोवीस बांधतात. त्यांचा जुडगा दीड मेगाबिटांचा. चेन्नईजवळ ओरगडमला ट्रकचे भाग बनवणारा एक कारखाना आला, मूळ मालक अमेरिकेतले. त्यांनी दीडची लाइन मागितली. आमच्याकडे दीड मिळत नाही, दोन मिळते, असं सांगितल्यावर त्यांचा मॅनेजर खूश झाला. जास्तच मिळतंय की! लाइन लावली आणि चालेना. तीन दिवस त्याने आमच्या नाकी नऊ आणले. रोज फोन, "मागितलं त्यापेक्षा जास्त दिलंत, तरी बंद कसं?" शेवटी मी स्वतः गेले आणि कागदावर काढून दाखवलं. त्यांचं यंत्र चोवीस मोजून पहिल्यापासून सुरू करत होतं, आमचं बत्तीस मोजून. एकाच आरतीला दोघं वेगवेगळ्या ठेक्यात टाळ्या वाजवत होते. मध्ये एक बदलपेटी बसवली तेव्हा लाइन लागली. मॅनेजरने पेढे नाही, पण फिल्टर कॉफी पाजली.

दुसरे एक गृहस्थ बँकेतले. त्यांनी दोनच्या लाइनवर मोजमाप करून एक पूर्णांक नऊ काढलं आणि लेखी तक्रार केली की तुमचा माणूस मधल्यामध्ये बिट खातो. मी लेखी उत्तर दिलं, साहेब, बिट कुणी खात नाही, एक वाट ताल धरायला लागते. त्यांनी परत लिहिलं, तालाचं भाडं आम्ही का द्यायचं? ती फाइल माझ्या टेबलावर वर्षभर होती. हसून हसून पुरेवाट व्हायची.

सांगायचा मुद्दा असा की मी कामाला चोख होते. जरा जास्तच. तपासल्याशिवाय 'ओके' लिहिलंय असं माझ्या रजिस्टरात एकही पान नाही. एकदा वरचे साहेब डोक्याशी उभे राहिले, उद्या उद्घाटन आहे, आज ओके लिहा म्हणाले. मी पेन त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, तुम्ही लिहा. त्यांनी लिहिलं नाही आणि उद्घाटन चार दिवस पुढे गेलं. याचा मला फार अभिमान होता. आता सांगते त्यानंतर तितका राहिला नाही.

आमच्या स्टेशनातून एक लाइन कोवलमला जायची. केरळातलं कोवलम नव्हे, आपल्या ईस्ट कोस्ट रोडवरचं, कोळ्यांचं. एका खात्याने (नाव नको) फार पूर्वी ती भाड्याने घेतलेली. शहरातल्या त्यांच्या कचेरीत वादळाचा इशारा आला की या लाइनवरून कोवलमच्या किनाऱ्यावरच्या एका खोलीत सांगायचा. तिथला माणूस भोंगा वाजवणार, भोंगा ऐकून होड्या थांबणार. लाइन चौसष्टची, म्हणजे एका आवाजाची. तिला नंबरही नव्हता. रिसीव्हर उचलला की थेट पलीकडची घंटी वाजायची. ती जिवंत आहे की नाही हे रोज सकाळी सव्वानऊला तपासायचं काम माझ्याकडे होतं.

तपासायची रीत साधी. मी एक ते दहा आकडे सावकाश म्हणायचे, पलीकडच्याने ऐकून परत म्हणायचे. पहिल्या दिवशी मी तमिळमध्ये म्हणणार, तर घाईत तोंडातून मराठी निघालं. एक, दोन, तीन. पलीकडून एक म्हातारा आवाज म्हणाला, "तुम्ही मराठी की काय, अक्का? मग माझेंही मराठीच ऐका." आणि तमिळ हेलात, पण स्पष्ट मराठीत त्यांनी दहापर्यंत म्हटलं.

ते केशवराव. तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तिकडे गेले ते आपलं मराठी घेऊनच, आणि घरात अजून तेच चाले. कुठे म्हणायला 'कोठ'. मध्येच तमिळ. सुरुवातीला मी त्यांना सुधारायला गेले, तर म्हणाले की अक्का, तुमचंच हिंदीसारखं झालंय, आमचं जुनं आहे. मी सुधारणं सोडून दिलं. त्यांच्या बोलण्यात 'सुम्मा' फार. सुम्मा म्हणजे उगाच, सहज. काल रात्री काय जेवलांत, सुम्मा विचारलं. साताऱ्याला पाऊस कसा असतो, सुम्मा विचारलं. त्यांनी सातारा कधी पाहिला नव्हता. मी कोवलमची ती खोली पाहिली नव्हती.

माझे यजमान संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, त्यांच्यामागे मी साताऱ्याहून इथे आले. ते अचानक गेले. मुलगी तोवर कॅनडाला. ती फोनवर मराठीत सुरुवात करते आणि दुसऱ्या वाक्याला इंग्रजीत जाते, तिचा दोष नाही. घरी परतल्यावर मी कुलूप उघडायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. खोटं कशाला सांगू, तेव्हा दिवसाकाठी मी जे मराठी बोलायचे ते सव्वानऊ ते नऊ बावीस. रजिस्टरात मात्र एवढंच, 'कोवलम, ओके'.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना कंपनीने नवी संगणक व्यवस्था आणली. जुने जुडगे, जिने सगळं बाद. आता प्रत्येक लाइनचा वेग एकाच मापात लिहायचा, मेगाबिटमध्ये. जुनी रजिस्टरं वाचता येणारी शाखेत मी एकटीच उरले होते, म्हणून तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. आमचे नवे अधिकारी कार्तिकेयन, मुलगा हुशार, वागायला गोड. त्यांनी एकच सांगितलं, रकान्यात पूर्ण आकडाच बसतो, दशांश घालू नका.

मी चिडले. एकशे पंचावन्न पूर्णांक बावन्नचं तो रकाना एकशे छप्पन्न करत होता. आयुष्यभर आम्ही एकशे पंचावन्न म्हणत आलो आणि आता छप्पन्न? त्या एका आकड्यासाठी मी आठवडाभर भांडले. चौतीसचे पूर्णांकापुढचे आकडे कुठे गेले म्हणून दोन पत्रं लिहिली. मोठ्या लाइनींचा एकेक आकडा तीनतीनदा ताडून पाहिला. लहान लाइनींवरून नुसतं सूत्र फिरवलं. आणि चौसष्ट किलोबिट म्हणजे मेगाबिटांत शून्य पूर्णांक शून्य सहा चार. पूर्ण आकड्यात, शून्य. ती पानं मी पाहिली नाहीत. पाहायचं काय, त्या लाइनी तर मला पाठ होत्या.

काही महिन्यांनी एका सोमवारी सव्वानऊला रिसीव्हर उचलला. घंटी नाही, खरखर नाही, काही नाही. आधी वाटलं, रस्त्याच्या कामात केबल तुटली असेल. मागे जाऊन पाहिलं तर जोडणीच काढलेली. जागेवर चिठ्ठी, 'शून्य क्षमतेच्या लाइनी परत घेणे'. सोबत यादी. यादी माझ्याच तक्त्यातली, खाली सही माझी. मी कपाळावर हात मारून घेतला.

तशीच कार्तिकेयनांच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे तक्ता उघडला. "मॅडम, तुम्हीच शून्य लिहिलंय. शून्य चालू कसं ठेवू?" मी म्हटलं, ते शून्य नाही, चौसष्ट हजार आहेत, तिथे होड्यांचा भोंगा आहे, उद्या वादळ आलं तर? त्यांचाही चेहरा उतरला. पुढच्या चार दिवसांत, बंद केलेल्यांपैकी ज्यांची ओरड आली त्यांच्या लाइनी त्यांनी परत लावल्या. कोवलमची मात्र कुणाचीच तक्रार नव्हती, ना त्या खात्याची ना कोळ्यांची. त्यांनी खात्याला फोन लावला, तर उत्तर आलं की लाइन गेली असेल तर खोलीला कुलूप लावू, तिथला माणूस कंत्राटी आहे, महिनाअखेर मोकळा करू. केशवराव त्या खोलीतच राहतात, हे मला माहीत होतं. मागच्या बाजूला चूल, पुढे फोन. त्यांना दुसरं घर नव्हतं.

कार्तिकेयन म्हणाले, "तुम्ही जाऊन पाहून या. वापर आहे असा तुमचा सहीचा रिपोर्ट आला की मी त्याच दिवशी लाइन लावतो. तुमच्या सहीवर कुणी शंका घेणार नाही."

मी तिरुवान्मियूरहून बस धरली. आठ दिवस झाले होते लाइन जाऊन. वाटेत सगळा रिपोर्ट मनात लिहून ठेवला, भोंगा किती महत्त्वाचा, जीव किती. कोवलमला उतरले तर किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या, बायका मासळी निवडत बसलेल्या. एकीला तमिळमध्ये विचारलं, भोंग्याची खोली कुठली? तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. भोंगा कसला, म्हणाली, तो तर कधीच्या काळी वादळात पडला, लोखंड भंगारात गेलं. आता इशारा मोबाइलवर येतो, किती उंच लाट ते सुद्धा येतं. तुम्हाला तो म्हातारा हवाय का? ती बघा, निळं दार.

केशवराव पाठमोरे बसले होते. किडकिडीत, कमरेला वेष्टी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पुढे स्टुलावर फोन, त्याच्यावर घडी घातलेला टॉवेल. मी "आत येऊ का" एवढंच म्हटलं. ते वळायच्या आधीच म्हणाले, "अक्का?"

मग उठून त्यांनी एकुलती खुर्ची पुसली. रोज सव्वानऊला रिसीव्हर उचलून पाहत होते म्हणाले, मी आजारी पडले की काय असं वाटत होतं. विचारावं तर कुणाला, माझा नंबर नव्हता, आडनावसुद्धा ठाऊक नव्हतं. मी खाली मान घालून सांगितलं की मीच केलं, माझ्या तक्त्यात तुमची लाइन शून्य झाली. त्यांना राग आला नाही. शून्य कसं झालं ते मात्र नीट समजावून घेतलं, आणि हिशेब बरोबर आहे म्हणाले.

मग मी भोंग्याचं विचारलं. त्यांनी चुलीवरचं कॉफीचं भांडं उतरवलं, माझ्यापुढे पेला ठेवला, आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"पडून सात वर्षें झालीं, अक्का. खात्यास लिहिलें, कोणी आलें नाही. मोबाइल आले, मग कोणास पडली होती? तुम्हास सांगणार होतों. पण सांगितलें असतें तर तुम्ही रजिस्टरात लिहिलें असतें. तुम्ही लिहिणाऱ्या आहांत. मग तपासणी बंद."

सात वर्षं. सात वर्षं मी रोज एका भोंग्यासाठी लाइन तपासत होते आणि तिथे भोंगा नव्हता. मला आधी रागच आला. मला फसवलं, माझ्या रजिस्टराला फसवलं. त्या खोलीत बसून माझं डोकं तापत होतं आणि कॉफी गार होत होती. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की लाइन लावा, खोली वाचवा. निघताना मी पिशवीतून फॉर्म काढला तेव्हा एवढंच बोलले, "जें दिसलें तें लिहा, अक्का. तुमची सही आहे."

आणि मी लिहिलं. स्टुलावर कागद ठेवून, त्यांच्यासमोर. भोंगा, नाही. खांब, नाही. लाइनचा वापर, नाही. खाली सही, तारीख. ते शेजारी उभे राहून कागद हलू नये म्हणून एका बाजूने धरून होते. परतीच्या बसमध्ये मला वाटत होतं की मी कठीण काम केलं आणि बरोबर केलं.

लाइन गेली, महिनाअखेर खोलीला कुलूप लागलं. केशवराव कुंभकोणमला पुतण्याकडे गेले. आम्ही मोबाइलचे नंबर घेतले होते. मी दोनदा फोन केला. मागे टीव्ही, मुलांचा गलका, कुणीतरी तमिळमध्ये विचारतंय कोण आहे. तेही तमिळमध्येच बोलले, बरा आहे, तुम्ही बऱ्या ना. तिसऱ्यांदा लावायचा तर कशासाठी म्हणून लावायचा? पूर्वी कारण लागत नव्हतं. लाइन तपासायची असायची. त्यांचाही एकदा आला, सणाचा. त्यानंतर गेल्या वर्षी मी लावला तेव्हा हा नंबर अस्तित्वात नाही असं ऐकू आलं. पुतण्याचं नाव मी विचारलं नव्हतं.

निवृत्त होऊन मला आता तीन वर्षं झाली. चुका सगळ्यांच्या हातून होतात, तक्त्यातली चूक मी माफ केली आहे स्वतःला. ती सूत्राची होती. तो फॉर्म मात्र मला अजून छळतो. त्यात प्रश्न भोंग्याचा वेगळा होता आणि लाइनचा वेगळा. लाइन वापरात आहे का? रोज सकाळी सात मिनिटं दोन माणसं तिच्यावर बोलत होती, रविवार सोडून, सात वर्षं, आणि ती दोघंही तेव्हा त्या खोलीत हजर होती. मी तिथे 'नाही' लिहिलं. चौतीस वर्षांत माझ्या सहीने गेलेला तेवढा एकच रिपोर्ट खोटा आहे.